ओळखलंत का?

लग्नकार्यात एक जमात हमखास भेटते. मागून येऊन खांद्यावर थाप मारते, "ओळखलंस का?" म्हणते आणि समोर हसत उभी राहते. स्वतःचं नाव सांगत नाही. अशा वेळी मी "वा, अगदी होता तसेच आहात!" म्हणून गुलाबजामच्या दिशेने सरकतो. टीव्हीसमोर ही सोय नाही.

त्या रात्री आम्ही 'सक्सेशन' लावलं होतं. (जग बघून विसरलं, की ती मालिका आमच्या घरी सुरू होते.) पडद्यावर एक पिकल्या केसांचा, आखूड मानेचा म्हातारा आपल्या घोडनवऱ्या पोरांवर खेकसत होता. शेंगा सोलता सोलता हिने विचारलं, "अहो, हा कोण? ह्याला कुठेतरी पाहिलंय."

घरात सिनेमातलं कळणारा म्हणून माझा लौकिक. "थांब, अगदी जिभेवर आहे."

"मोबाइलवर बघा ना."

"काही गरज नाही." हे म्हणालो आणि फसलो.

चिरंजीव म्हणाले, "एक्स-मेनच्या दुसऱ्या भागातला स्ट्रायकर." हिला 'ट्रॉय'मधला अ‍ॅगामेम्नॉन आठवला. मला 'ब्रेव्हहार्ट'मधला काका, बाप गेल्यावर पोराला सांभाळायला घेऊन जाणारा. तिघंही बरोबर होतो आणि नाव तिघांनाही येत नव्हतं. आई म्हणाली, "मला तो आपल्या बँकेतल्या जुन्या मॅनेजरांसारखा वाटतो. त्यांचंही नाव आठवत नाही."

अंथरुणात पडल्या पडल्या मी मुळाक्षरं सुरू केली. क, ख, ग... प्रत्येक अक्षराला एकेक गोरा नट उठून उभा राही आणि "मी नव्हे" म्हणून खाली बसे. 'त'ला डोळा लागला. रात्री अडीचला ताडकन उठून मी ओरडलो, "ब्रायन कॉक्स!"

"कोण आलंय?" हिने बॅटरी उचलली.

आता झोप कसली! मोबाइल उघडला तर समोर हसतमुख, काळ्याभोर केसांचे एक प्राध्यापक. कणभौतिकीतले शास्त्रज्ञ, तरुणपणी बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. केवढा हा माणूस! सकाळी चहाबरोबर मी जाहीर केलं, "अगं, तो कृष्णविवरांवरही बोलतो." चिरंजीवांनी पोह्यातून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, तो दुसरा ब्रायन कॉक्स."

इतकी शोभा झाल्यावर माणूस अभ्यासाला लागतोच. दोन दिवस मी ह्या खऱ्या कॉक्सचा माग काढला. जन्म १ जून १९४६, स्कॉटलंडमधलं डंडी. पाच भावंडांत धाकटा. आई तागाच्या गिरणीत सूत कातायची. आपल्या बंगालचा ताग जहाजं भरभरून ह्या डंडीला जायचा, व्हेल माशाच्या तेलाने मऊ व्हायचा आणि त्याचं गोणपाट जगभर जायचं. वडील हा आठ वर्षांचा असताना गेले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं गावच्या रेपर्टरी थिएटरात पडेल ते काम करू लागलं. पुढे लंडनला नाट्यशिक्षण, मग एडिंबरा, बर्मिंगहॅम, रॉयल शेक्सपिअर कंपनी.

"१९९० साली ह्याने लंडनच्या नॅशनल थिएटरात किंग लिअर केला," मी म्हणालो.

आई चष्मा पुसत होती, ती थांबली. "लिअर म्हणजे आपल्या नटसम्राटचं मूळ ना? मग एकेरीत काय बोलतोस? रंगभूमीवरचे आहेत ते."

तेव्हापासून आमच्या घरात 'ते' ब्रायन कॉक्स. १९८७ साली त्यांनी शेक्सपिअरचाच टायटस अँड्रॉनिकस केला, त्याला ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, हे सांगितल्यावर आईने आणखी एक डाव पोहे वाढले. ते मलाच, पण रोख कॉक्ससाहेबांकडे.

मला खरी हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो नरभक्षक डॉक्टर लेक्टर पडद्यावर पहिल्यांदा साकारला ह्यांनी, १९८६ च्या 'मॅनहंटर'मध्ये. पाच वर्षांनी तीच भूमिका अँथनी हॉपकिन्सने केली आणि ऑस्कर नेलं. "म्हणजे वास्तुशांत आपण करायची आणि राहायला दुसऱ्याने जायचं," ही म्हणाली. ह्याहून नेमकं समीक्षण मला सापडलं नाही.

मधल्या काळातल्या सिनेमांची यादी मी वाचायला घेतली आणि सोडून दिली. १९९५ ह्या एकाच वर्षात ते एका स्कॉटिश सिनेमात नायकाचे सज्जन काका आणि दुसऱ्यात, 'रॉब रॉय'मध्ये, जमीनदाराचे हलकट दिवाणजी. अशा माणसाचं नाव लक्षात ठेवायचं तरी कुठल्या चेहऱ्याला चिकटवून? २००१ मध्ये हिटलरच्या साथीदाराच्या, गोअरिंगच्या, भूमिकेसाठी एमी हे टीव्हीवरचं मोठं बक्षीस मिळालं, तरी आम्ही आपले "हा तो, तो नाही का?" करत राहिलो.

मग २०१८. बहात्तरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेले आणि 'सक्सेशन' सुरू झाली. लोगन रॉय हा त्यातला अब्जाधीश बापही मालिकेने पुढे डंडीचाच ठरवला. ह्या वयात प्रसिद्धी आली ती अशी, की लोक रस्त्यात गाठतात आणि लोगनची ती ठेवणीतली शिवी आम्हाला घाला अशी गळ घालतात. आमच्या चौकात ती न मागता मिळते, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. आईला मात्र त्या शिवीचा अर्थ हवा होता. चिरंजीव तातडीने क्लासला गेले.

एवढी तयारी करून मी रोज रात्री टीव्हीसमोर ताठ बसू लागलो. म्हातारा दिसला रे दिसला, की ही "अहो—" म्हणायच्या आत "ब्रायन कॉक्स!" आईसुद्धा साथ देई. होता होता चौथा सीझन लागला. तिसऱ्या भागात लोगन रॉय विमानातच वारला. तोही धड दाखवला नाही, सगळा आकांत फोनवर.

खोलीत शांतता पसरली. "घ्या," ही म्हणाली, "आत्ता कुठे नाव पाठ झालं होतं."

मग ती पुढे सरकली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

"अहो, हा थोरला मुलगा कोण? ह्याला कुठेतरी पाहिलंय."