‘जाणूनबुजून सडका माल भरला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार. आमच्या देवगड हापूसच्या पेटीतील सात आंबे पिकल्यावर देठाकडून काळे पडले, हे वाचून फार वाईट वाटले. आपला हिरमोड झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. परंतु ‘फवारणीचे पैसे वाचवून जाणूनबुजून सडका माल भरला’ हे आपले वाक्य आम्हाला मान्य करता येत नाही.

आपण टाकलेल्या फोटोत देठापासून खाली ओघळल्यासारखे, किंचित खोलगट काळे डाग दिसतात. हा करपा आहे. त्याची बुरशी मोहोर आणि कोवळी कैरी असल्यापासूनच येऊ लागते, सालीत शिरते आणि तिथेच निपचित पडून राहते, कारण कच्च्या सालीतील नैसर्गिक द्रव्ये तिला वाढू देत नाहीत. फळ पिकू लागले की ती द्रव्ये कमी होतात आणि बुरशी उठते. त्यामुळे पेटीत भरताना हिरवागार, निर्मळ दिसणारा आंबा आढीत काळा पडू शकतो, आणि कितीही जाणत्या माणसाने तो हातात फिरवून पाहिला तरी त्याला आधी कळत नाही.

राहिला प्रश्न फवारणीचा. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही बोंगे (मोहोराचे कोंब) फुटण्यापासून फवारतो, आणि औषध, पेट्रोल, मजुरी यांत हात आखडता घेत नाही. मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही औषधे फळावर बाहेरून थर धरतात. बुरशी रुजण्याआधी पडली तरच त्यांचा उपयोग होतो आणि मोठ्या पावसात ती धुऊनही जातात. आंतरप्रवाही औषध आत पोहोचते, पण ते मारल्यावर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबावेच लागते. यंदा अवकाळी पाऊस आला तो नेमका आंबा झेल्याने उतरवायच्या तोंडावर. तेव्हा फवारले असते तर डाग कदाचित कमी झाले असते, पण औषधाचे अंश आपल्या मुलाबाळांच्या ताटात गेले असते. ते आमच्या हातून होणार नाही.

आपणच लिहिले आहे की, पेटी दोन दिवस गाडीच्या डिकीत बंद होती. आंबे पोहोचताच काढून हवेशीर जागी एका थरात पसरावेत, अशी चिठ्ठी प्रत्येक पेटीत असते, कारण उष्ण, कोंदट हवेत करपा झपाट्याने वाढतो. हे आपल्याला दोष देण्यासाठी नव्हे, पण सांगणे भाग आहे.

खराब निघालेल्या आंब्यांच्या बदल्यात पुढच्या तोडणीतील आंबे पाठवतो. काढणीनंतर 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटे फळे बुडवण्याची सोय पुढील हंगामात करण्याचाही विचार आहे. चिठ्ठीही ठळक करू. आमचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो आणि लोक हे अभिप्राय वाचूनच मागणी नोंदवतात. तक्रार खुशाल राहू द्यावी, फक्त ‘जाणूनबुजून’ एवढा एक शब्द आपण काढावा, ही विनंती.