वामकुक्षीच्या जोरावर ज्वालामुखी

गोवेकराला सूर्य बुडताना बघायची सवय. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे मिरामारला जाऊन भेळ खात खात सूर्याला निरोप द्यायचा एवढाच आपला त्याच्याशी व्यवहार. तो उगवतो सह्याद्रीच्या मागून, आणि तोवर बराच वर आलेला असतो. असा माणूस पहिल्यांदा परदेशी निघतो, बालीचं तिकीट काढतो आणि कुणाच्या तरी फोटोवर भाळून बाटूर ज्वालामुखीवर सूर्योदय बघायचं ठरवतो. घरचे विचारतात, ‘‘पैसे देऊन रात्री दोन वाजता उठायचं?’’ हो. पैसे देऊनच.

बाटूरची उंची 1717 मीटर. आकडा मोठा वाटतो. पण पायथ्याचं तळंच हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढ सुमारे साडेसहाशे मीटरचा. चार मजल्यांची इमारत पन्नासेक वेळा चढायची, फरक एवढाच की मधे कुणी चहाला बोलवत नाही. साधारण दोन तास लागतात. सत्तरी तालुक्यातला सोंसोगोर डोंगर एकदा धड चढलेल्या माणसाला हे अवघड नाही. अवघड आहे ती रात्र. डोंगर बिचारा जागेवरच असतो. चुकते ती वेळ, म्हणून आराखडा नेहमी उलटा, सूर्यापासून अंथरुणाकडे करायचा.

जुलैत तिथे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, नोव्हेंबरात पावणेसहाला. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. खरा रंग उगवण्याआधीच्या अर्ध्या तासात उधळून जातो. म्हणून जुलैत पावणेसहापर्यंत माथा गाठायचा, पावणेचारला पायथा सोडायचा, बालीतल्या उबुड गावाहून दोनला निघायचं आणि दीडला उठायचं. इथवर सगळे येतात. पुढचा घोळ आपल्या भाषेनं घातलेला आहे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून रात्रीचे दोन आपल्या लेखी अजून ‘सोमवारची रात्र’. बुकिंगवर मात्र मंगळवार लिहिलेला असतो. मग मंगळवारी रात्री जेवूनखाऊन, बूट घालून हॉटेलच्या दारात उभं राहायचं, आणि गाडी आदल्याच रात्री येऊन, हॉर्न वाजवून परत गेलेली असते. बुकिंग करतानाच विचारून घ्या: ही कुठल्या दोन दिवसांमधली रात्र? लाज वाटू देऊ नका.

आता आपली जमेची बाजू. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले रात्रीचे दोन म्हणजे गोव्यात साडेअकरा. दशावतारात संकासुर नुकताच येऊन गेलेला असतो, आणि अशा वेळी जागं राहणं आपल्याला कुणी शिकवायला नको. उलट बाजूनं बघा. ट्रेकवाले सांगतात, संध्याकाळी लवकर झोपा. युरोपातल्या पाहुण्याला ते जमत नाही, तो छताकडे बघत पडतो. आपली दुपारी दीड ते चारची झोप मात्र बालीत बरोबर संध्याकाळी चार ते साडेसहावर जाऊन पडते! पिढ्यान्पिढ्या दुकानांची दारं ओढून आपण जी साधना केली, तिचं फळ हे. साडेतीनला भात-आमटी जेवायची (तिथे ‘नासी’ म्हणजे भातच), पडदे ओढायचे, आडवं व्हायचं. सातला उठून हलकं काहीतरी, मग पुन्हा पडून राहायचं. झोप आली नाही तरी बिघडत नाही.

फक्त ही सवलत मुदतीची आहे. शरीर रोज साधारण तासाभरानं स्थानिक वेळेला सरावतं. म्हणून पोचल्या रात्री विमानाचा शीण काढा आणि दुसऱ्या रात्री डोंगर गाठा. सहलीच्या शेवटी ठेवलात तर तोवर तुम्ही बालीकर झालेले असता आणि दीड वाजता खरोखरच दीड वाजतो.

महिना कुठला? एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडं, नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि ढग. ढगात सूर्योदय म्हणजे काळ्याचं करडं होणं, बस. आपला पावसाळा त्यांच्या कोरड्या दिवसांत पडतो आणि 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंद, त्यामुळे घरी राहून कसल्या इसवणाला मुकणार? गणपतीची चवथ तेवढी सांभाळा.

निघण्याआधी ज्वालामुखीची तब्येत बघायची. बाटूर जागृत आहे. 1926 च्या लाव्ह्यानं पायथ्याचं गाव गाडलं आणि लोक वर कड्यावर राहायला गेले. इंडोनेशियात धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि सगळ्यात वरची आवास. पंतप्रधान आवास नव्हे. हे आवास दिसलं की मुकाट आपल्या आवासात राहायचं.

पैशांचं एकदाच सांगतो. विमानतळावरचा व्हिसा पाच लाख रुपिया, शिवाय बालीची प्रवासी पट्टी दीड लाख. छातीत कळ येऊ देऊ नका. एका रुपयाला पावणेदोनशेच्या आसपास रुपिया मिळतात. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, डोंगरावर लाखाची नोट कुणी मोडून देत नाही.

सामानात सगळ्यात जास्त घात करतात ते बूट. नवीन बूट डोंगरावर नेऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून गोवेकर कपाटावरचा खोका खाली काढतो. चार पावसाळे खोक्यात काढलेला बूट वरून झकास दिसतो, पण आपल्या दमट हवेत तळव्यामधला मऊ थर आतल्या आत विरतो आणि गोंद सुटतो. तो फुटतो चौथ्या किलोमीटरला, अंधारात. तपासणी सोपी आहे. बूट दोन्ही हातांनी वाकवा, तळव्याच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. नखाखाली भुगा आला किंवा नानकटाईसारखी चीर गेली, तर तो बूट चवथीला माटोळी बांधताना घाला. ठीक असला तर महिनाभर घालून जिने चढा. पुढे अंगठाभर जागा हवी, आणि पायाची नखं दोन दिवस आधी कापलेली. नाहीतर उतरताना ती काळीनिळी होतात. पाण्याच्या बाटलीला मीटरभर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. बुटाला लागली नाही तर दुसऱ्याच्या बुटाला लागतेच.

मोबाइलची टॉर्च चालत नाही, दोन्ही हात मोकळे हवेत. डोक्याला बांधायची घ्या, आणि बॅगेत आपोआप पेटू नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा. दीड लिटर पाणी, दोन केळी, मूठभर चणे.

थंडी मात्र नीट समजून घ्या. डिसेंबरात पारा वीसवर आला की पणजीत माकडटोप्या निघतात. बाटूरच्या माथ्यावर पहाटे दहा-बारा अंश आणि वर वारा. चढताना ती कळत नाही, कारण घाम फुटलेला असतो. कळते वर बसल्यावर, सूर्याची वाट बघत काढलेल्या पाऊण तासात. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि मग पाठीवर ओला पंचा टाकल्यासारखं होतं. म्हणून वर पोचल्या पोचल्या, घाम गार व्हायच्या आत, कोरडा टीशर्ट बदलायचा, त्यावर स्वेटर, त्यावर आपला स्कूटरवरचा रेनकोट. वारा अडवायला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. फोटोत पर्वरीच्या सिग्नलवर उभे असल्यासारखे दिसाल, पण उबेत असाल.

गाईड घ्यावाच लागतो, त्यावर घासाघीस करत बसू नका. वाटेत तो पानाच्या इवल्या द्रोणात फुलं ठेवून हात जोडेल. राखणदाराला रोट ठेवणाऱ्या गावच्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. टॉर्च खाली करून थांबायचं. अर्ध्या वाटेवर मोटरसायकलवाले ‘बसा, वर सोडतो’ म्हणत मागे लागतात, अगदी आपल्या मोटरसायकल टॅक्सीच्या पायलटांसारखे. गुडघे दुखणारे मामा बरोबर असतील तर त्यांना समोरच्या कड्यावर जीपनं न्या. सूर्य तोच असतो.

वर वाफेच्या भेगांत उकडलेली अंडी मिळतात. माकडांना ती आपल्याआधी मिळतात, म्हणून पिशवीचा आवाज करू नका. पूर्वेकडे तोंड केलंत की उजव्या हाताला आबांग आणि अगुंग हे डोंगर, समोर समुद्रापलीकडे लोंबोक बेटावरचा रिंजानी.

खरी मजा उतरताना. कडक खडकावर सुटी खडी, म्हणजे तव्यावर मोहरी पसरून चालणं. शहाणा माणूस घाबरून मागे रेलतो आणि नेमका तोच बसकण मारतो. वजन टाचेवरून सटकतं ना. अनमोड घाटात बसवाला गिअर खाली घेतो तसं करायचं: गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड, अंग पायांच्या बरोबर वर.

माथ्यावरून घरी व्हिडिओ कॉल करू नका. गोव्यात पहाटेचे चार वाजलेले असतात, आणि त्या वेळी फोन वाजला की घरात सगळ्यात आधी देवाचं नाव घेतलं जातं. खाली उतरल्यावर नऊला करा. गोव्यात साडेसहा, पोदेराचा हॉर्न वाजत असतो आणि फोन उचलणारा एका हातानं पावाची पिशवी शोधत असतो.