‘कंपनी गाडी तपासूनच देते’ या भरवशावर किल्ली घेऊ नका

भाड्याच्या गाडीबद्दलचा एक सल्ला सध्या भरपूर फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: ‘गाडी भाड्याने घेताना घाबरायचं कारण नाही. कंपनी दर वेळी तपासूनच देते. गाड्या नव्याच असतात. काही बिघाड असला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. वर विमा असतोच. तुम्ही फक्त ओरखड्यांचा व्हिडिओ काढा आणि निघा.’

व्हिडिओचं म्हणणं योग्य आहे, ते पाळाच. बाकीच्या सल्ल्याने मात्र एखाद्याचा जीव जाऊ शकतो. गाडीतला दोष पकडायला सगळ्यात सोपी वेळ म्हणजे ती ताब्यात घेतानाची दहा-पंधरा मिनिटं, आणि हा सल्ला नेमकी तीच वाचवायला सांगतो.

‘कंपनी दर वेळी तपासूनच देते’

एक ग्राहक गाडी परत करतो आणि दुसरा घेऊन जातो, त्या मधल्या वेळात काय होतं ते बघा. गाडी धुतात, आतून झाडतात, इंधन आणि किलोमीटर लिहून घेतात, बाहेरून नवा पोचा दिसतो का ते पाहतात. ही साफसफाई झाली. ब्रेक पॅड किती उरलेत, टायर आतल्या कडेला किती घासलाय, हे त्यात येईलच असं नाही. ते सर्व्हिसिंगच्या वेळी बघितलं जातं आणि सर्व्हिसिंग ठरतं किलोमीटरवर. दोन सर्व्हिसिंगच्या मधे गाडी कितीतरी हातांतून जाते. सकाळी आलेली गाडी दुपारी पुन्हा बाहेर पडणार असेल, तर चांगल्या कंपनीतही कोणी ती जॅकवर घेत नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. स्वतःच्या गाडीचं चाक खड्ड्यात आपटलं तर आपण दुसऱ्या दिवशी गॅरेजला जातो. भाड्याच्या गाडीचं आपटलं तर बहुतेक लोक गप्प बसतात, कारण सांगितलं की खर्च त्यांच्याच माथी येतो. म्हणजे गाडीला काय झालंय हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते लपवण्यात फायदा असतो. कंपनी प्रामाणिक असली तरी तिच्यापर्यंत ही माहिती पोचत नाही.

कधी कधी माहिती पोचूनही काही होत नाही. २००४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेचल आणि जॅकलिन हाऊक या दोन बहिणी भाड्याच्या गाडीत मरण पावल्या. गाडी त्याच वर्षाचं मॉडेल होती. पॉवर स्टिअरिंगच्या नळीतून तेल गळून आग लागू शकते, म्हणून निर्मात्याने त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. दुरुस्ती न करताच ती भाड्याने दिली गेली. गाडीने पेट घेतला, ताबा सुटला आणि ती ट्रकवर आदळली. त्यांच्या आईच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१५ साली त्या दोघींच्या नावाने कायदा झाला: ३५ हून जास्त गाड्या असलेल्या कंपन्यांनी परत बोलावलेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने द्यायची नाही. तिथे हे सक्तीचं करायला अकरा वर्षं लागली. ‘कंपनी बघतेच’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘गाड्या नव्याच असतात’

वर सांगितलेली गाडीही नवीच होती. शिवाय टायर आणि ब्रेक वयावर नाही, वापरावर झिजतात. भाड्याची गाडी रोज वेगळ्या पायाखाली असते आणि गाडीचा अंदाज नसलेला माणूस ब्रेक करकचूनच मारतो.

टायरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एकदा मला मिळालेल्या गाडीचे पुढचे टायर बाहेरून छान दिसत होते, खाचा खोल, रंग काळाभोर. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकाची आतली कड बघितली तर ती गोटा झालेली, एका जागी रबर संपून तारा बाहेर आलेल्या. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं की असं होतं आणि चाक सरळ असताना ते दिसतच नाही. म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवा आणि खाली वाकून बघा. मागच्या चाकांच्या आतल्या कडेवरून हात फिरवा.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते. बहुतेक देशांत कायद्याची मर्यादा तेवढीच आहे आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड त्याच्या आधीच कमी झालेली असते. टायरच्या बाजूवर फुगा आला असेल तर विचारच करू नका, आतले धागे तुटलेले असतात आणि तो कधीही फुटू शकतो. तिथेच डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. गाडी नवी आणि टायर जुना, असंही सापडतं.

हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते.

‘बिघाड असला तर दिवा लागतोच’

या वाक्यावर सगळ्यात जास्त लोक विसंबतात. दिव्याला काय कळतं आणि काय कळत नाही, ते बघू.

टायरमधल्या हवेचा दिवा घ्या. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तो ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागावा लागतो. म्हणजे ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवी असताना २५ वर आली तरी दिवा गप्प राहू शकतो. काही गाड्यांत तर चाकात सेन्सरच नसतो, चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून अंदाज काढला जातो. चारही टायरमध्ये सारखीच हवा कमी असेल तर फरक पडणार कुठून?

ब्रेकचंही तेच. पॅड झिजल्याचा सेन्सर सगळ्या गाड्यांत नसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डीओटी ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शिरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. मग लांब घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. टाकीतल्या ऑइलची पातळी दिव्याला कळते, त्यात शिरलेलं पाणी कळत नाही. हे तुम्हालाही बाहेरून दिसणार नाही. म्हणून घाटाचा रस्ता असेल तर ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच चालवा.

दिवा मुद्दाम बंद पाडलेलाही असू शकतो. इग्निशन चालू करा, पण इंजिन नको. एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिन हे दिवे पेटून दिसले पाहिजेत आणि थोड्या वेळात किंवा इंजिन सुरू केल्यावर विझले पाहिजेत. एखादा पेटलाच नाही, तर तो खराब आहे किंवा कोणीतरी काढलाय. न पेटणाऱ्या दिव्याला लोक ‘सगळं ठीक’ समजतात, म्हणून तो पेटून राहिलेल्या दिव्यापेक्षा घातक.

ब्रेकची स्वतः करायची एक चाचणी आहे. इंजिन चालू, गाडी जागेवर, पाय पेडलवर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर ती गाडी घेऊ नका, कोणी काहीही समजावलं तरी.

‘विमा असतोच’

विमा पैसे भरून देतो, जीव नाही. शिवाय बऱ्याच करारांत टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग त्यातून वगळलेला असतो आणि ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली तुम्हीच सही करता.

‘ओरखड्यांचा व्हिडिओ काढा आणि निघा’

व्हिडिओ काढा, पण त्यात टायरच्या खाचा, इग्निशन चालू केल्यावरचा डॅशबोर्ड आणि डिक्कीही घ्या. डिक्कीत स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का? चाकांना चोरीविरोधी नट असतील तर त्यांची वेगळी चावी लागते. ती नसेल तर स्टेपनी असून उपयोग नाही. बऱ्याच गाड्यांत आता स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट मिळतं, त्याची मुदत बघा. वायपर पाणी मारून चालवा, ब्रेकचे दिवे सोबतच्या माणसाला बघायला सांगा, सगळे सीटबेल्ट झटक्याने ओढा. मागच्या सीटचेही, तिथे मुलं बसणार असतात.

मग आवाराबाहेर पडून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, एकदा जोरात ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली, पेडल थरथरलं किंवा लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर तिथूनच वळा. पन्नास किलोमीटर गेल्यावर परत यायचं कोणाच्याच जिवावर येतं. म्हणून गाडी उजेडात घ्या आणि ऑफिस बंद व्हायच्या बऱ्याच आधी घ्या, म्हणजे बदली गाडी द्यायला तिथे कोणीतरी असेल.