जायफळाच्या बेटासाठी न्यूयॉर्क कुणी दिलं नव्हतं

‘१६६७ साली डचांनी जायफळाच्या एका चिमुकल्या बेटासाठी अख्खं मॅनहॅटन इंग्रजांना देऊन टाकलं, इतिहासातला सर्वांत मूर्ख सौदा!’ अशा आशयाचा मजकूर नकाशांसकट वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातलं साल खरं, बेट खरं. सौदा मात्र झालाच नाही.

‘डचांनी मॅनहॅटन दिलं.’ ते त्यांच्या हातून तीन वर्षं आधीच गेलं होतं. मार्च १६६४ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने तो सगळा मुलूख आपल्या भावाच्या, ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावे करून टाकला. तेव्हा तिथे अंमल डचांचा होता आणि इंग्रज-डच युद्ध अजून पुकारलेलंही नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस इंग्रज अधिकारी रिचर्ड निकोल्स चार जहाजं घेऊन बंदरात उभा राहिला. डच गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटला लढायचं होतं, पण शहरातल्या लोकांनीच त्याला सप्टेंबरात शरण जायला लावलं.

‘बदल्यात रन बेट मिळालं.’ आजच्या इंडोनेशियातल्या बांदा द्वीपसमूहातलं हे बेट लांबीला जेमतेम तीन किलोमीटर. त्याच्यावरून भांडण जुनं होतं. १६१६ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या नथॅनिएल कोर्टहोपने ते इंग्रजांसाठी धरून ठेवलं, १६२० मध्ये तो मारला गेला आणि बेट डचांकडे गेलं. १६५४ च्या तहात डचांनी ते परत करायचं कबूल केलं, पण प्रत्यक्ष ताबा सोडला तो १६६५ मध्ये. लगेच युद्ध पेटलं आणि त्यांनी बेट पुन्हा घेतलं.

म्हणजे ३१ जुलै १६६७ रोजी नेदरलँड्समधल्या ब्रेडा इथे तहावर सह्या झाल्या तेव्हा दोन्ही जागा नव्या मालकांच्या ताब्यात होत्याच. तहाचं सूत्र एवढंच होतं की, मे महिन्यातल्या ठरलेल्या तारखेला ज्याच्या हाती जे आहे ते त्याचं. याच सूत्राने दक्षिण अमेरिकेतलं सुरिनामही डचांकडे राहिलं. तिथले उसाचे मळे डच नौदलाच्या अब्राहम क्राइन्सेनने त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांकडून जिंकले होते. न्यूयॉर्कच्या समोर काही ठेवून बघायचंच असेल तर माझ्या मते सुरिनाम ठेवावं. पण साखरेच्या मळ्यांपेक्षा जायफळाची गोष्ट रंगते, म्हणून तीच पुढे जाते.

आणखी एक गोष्ट हा मजकूर गिळून टाकतो. १६७३ मध्ये, पुढच्या इंग्रज-डच युद्धात, डचांनी न्यूयॉर्क पुन्हा जिंकलं आणि त्याला न्यू ऑरेंज असं नाव दिलं. ते त्यांनी खरोखर स्वतःच्या हाताने परत केलं १६७४ च्या वेस्टमिन्स्टर तहात. त्या वेळी चौदाव्या लुईचं फ्रेंच सैन्य त्यांच्या देशावर चालून आलं होतं आणि इंग्लंडला युद्धातून बाहेर काढणं हा त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. जायफळाचा त्यात काही संबंध नाही.

‘मूर्ख’ हे विशेषण आजच्या मॅनहॅटनकडे बघून चिकटवलेलं आहे. तेव्हाचं न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे डचांच्या काळातलं न्यूयॉर्क, दीड हजार वस्तीचं गाव होतं. उलट रन हातात राहिल्याने जायफळाचा मक्ता अभंग राहिला. तो पुढे शतकाहून अधिक काळ टिकला, नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी बांदा घेऊन तिथली रोपं पेनांगसारख्या ठिकाणी लावेपर्यंत.

मला सर्वांत जास्त राग येतो तो ‘सौदा’ या शब्दाचा. सौद्याला मालक लागतो. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याने बांदा बेटांवर चढाई केली. तिथल्या सुमारे १५,००० माणसांपैकी जेमतेम हजारभर उरली, असा अंदाज सांगितला जातो. कत्तल, उपासमार, गुलाम करून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) धाडणं, काही जण होड्यांतून पळाले. मग बागा वाटून त्यांत बाहेरून आणलेले गुलाम राबवले गेले. मॅनहॅटनवर तिथले मूळ रहिवासी लेनापे लोक राहत होते, सुरिनामच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं राबत होती. ब्रेडाच्या वाटाघाटींत यांच्यापैकी कुणीही नव्हतं.