शुगर आहे ना, मग दुखतं कुठे?

हे बघा भो, डॉक्टरने शुगर सांगितली म्हणून लगेच तोंड पाडून बसायचं नाही. आधी स्वतःला विचारायचं, दुखतंय का कुठे? नाही ना, मग निम्मी शुगर तिथेच गेली. उपाशीपोटी १२६ किंवा वर म्हणजे डायबेटीस हे पुस्तकातलं, आपल्याकडे १८० वाला माणूस पंगतीत बट्टी चुरून त्यावर तूप ओतून घेत "माझी तर बॉर्डरलाच आहे" म्हणतो आणि शेजारी बसलेला अडीचशेवाला पाव्हणा वाटी पुढे करत म्हणतो, "काही व्हत नही!"

रक्तवाहिन्यांचं टेन्शन तर घेऊच नका. आतून त्यांना पातळ अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं, भारी सोशिक, रक्तात साखर वाढली की ती आत घुसू देतं, दार लावून घेणं त्याला जमतच नाही. मग ती साखर प्रथिनांना चिकटत राहते, भिंती कडक व्हायला लागतात, नळी सैल ठेवायला हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं तोही कमी पडतो, सूज येते, मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल मुक्काम करतं. यातलं काही ऐकू आलं का तुम्हाला? नाही ना, मग चालू द्या. वर तंबाखू असेल तर काम लवकर उरकतं. आपला रावेर-यावलचा केळीवाला ड्रिपच्या नळ्यांत क्षार बसू नयेत म्हणून ॲसिड सोडतो, फिल्टर धुतो, नळी बाद झालीच तर दुकानातून नवं बंडल आणतो. तुम्हीही तसंच करा, फक्त डोळ्याच्या पडद्यातल्या नळ्यांचं बंडल कुठल्या दुकानात मिळतं ते आधी विचारून ठेवा.

तो पडदा तपासायला मात्र जायचं नाही हं. तिथल्या बारीक वाहिन्या फुगतात, पाझरतात, तरी सुरुवातीला नजर चकाचक, मग कशाला उगाच डोळ्यात थेंब टाकून बसायचं. लघवीतल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनची टेस्ट पण नको. किडनीची गाळणी ते सोडायला लागली की ते लवकर कळतं त्या टेस्टमध्ये, आणि लवकर कळून करायचंय काय, पथ्यच ना?

आता रिपोर्ट चांगला आणायची खरी विद्या. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून मन भरेस्तोवर खायची, नंतर टेस्टच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस आणि अर्धी भाकरी, फास्टिंग असं काही झकास येतं की फॅमिली ग्रुपवर टाकावं (आणि त्याच आनंदात गोळी बंद करावी, कारण नॉर्मल आली ना!). अडचण एकच, एचबीए१सी नावाची रक्ताची टेस्ट. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस साखर अंगाला चिकटवून फिरते, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सगळी चुगली डॉक्टरकडे जाते, पुरणपोळीसकट. असली चुगलखोर टेस्ट लिहून दिली तर डॉक्टर बदला.

कोणी जास्तच शहाणा निघाला तर तो १९९८ च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या डायबेटीसवरच्या अभ्यासाचं सांगेल, साखर आवरून धरणाऱ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्के कमी झाले म्हणे. झाले असतील, त्यांना कुठे शेवभाजी माहितीये.

राहिले पाय. मज्जातंतूंवर साखरेचा मारा, त्यांना रक्त पोचवणाऱ्या वाहिन्याही खराब, त्यामुळे आधी मुंग्या, आग, आणि मग एक दिवस सगळं शांत. याला बरं होणं म्हणायचं. चैत्रात वणीच्या गडावर पायी निघालात की चपला घरीच ठेवा, डांबर तापलंय, बाकीचे उड्या मारतायत आणि तुम्हाला चटका म्हणून नाही, देवीची कृपा दुसरं काय! घरी आल्यावर तळव्याला फोड दिसलाच तर बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून बसा, पाणी जास्त गरम आहे का ते पायालाच विचारा.