पट्टा मिळेल का, पट्टा?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या उंदरांना वायरिंगचा कंटाळा आला असावा. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी गाडीच्या पुढच्या डाव्या सीटचा बेल्ट खायला घेतला. कडेला चांगली बोटभर झालर लोंबत होती. ती सीट बायकोची, त्यामुळे विषय तातडीचा.

"नुसता पट्टा येत नाही, असेंब्ली घ्यावी लागते," वागळे इस्टेटमधला दुकानदार म्हणाला. असेंब्ली म्हणजे पट्टा, त्याची जीभ आणि तो गुंडाळून घेणारा, खांबात दडलेला रिट्रॅक्टर.

"मग द्या असेंब्ली."

"ती नाही."

नौपाड्यातल्या दुकानदाराने गाडीचं साल विचारलं, मॉडेल विचारलं, चेसिस नंबर वहीत उतरवून घेतला आणि मग सांगितलं की ते फक्त बॅटऱ्या ठेवतात.

सीट कव्हरवाला मात्र उत्साही निघाला. "शिवून देतो, दिसणारपण नाही!" टक्कर झाल्यावर ती शिवण दिसते की नाही हे बघायला कोण थांबणार? मी नको म्हणताच त्याने ड्रॉवरमधून एक चकचकीत क्लिप काढली. खटक्यात अडकवायची, गाडीची टुंईटुंई बंद. या क्लिपांची ऑनलाइन विक्री केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये थांबवायला लावली, तरी त्याच्याकडे तीन रंगांत होत्या. बेल्ट न लावायची सोय हातोहात. लावायचा म्हटलं की चेसिस नंबर!

तोवर बायको मागे बसू लागली. तिथेही बेल्ट हवाच, नाहीतर 1000 रुपये दंड. तीन हात नाक्याच्या सिग्नलला ओळखीचे लोक तिला हात करायचे, मला नाही.

शेवटी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठला. तिथे आख्ख्या गाड्या सुट्या होऊन टांगलेल्या असतात. मला हवा तोच पीस निघाला. हातात आडवा धरून ओढला, तर ठप्प.

"हा जाम आहे."

दुकानदाराने कीव केल्यासारखं बघत तो उभा धरला आणि पट्टा सरसर बाहेर काढला. आत एक गोळी असते म्हणे. गाडीला जोराचा ब्रेक लागला किंवा पीस कलला की ती घरंगळते, दातऱ्यात खीळ अडकते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. म्हणजे मी नापास ठरवत होतो तो पीस पैकीच्या पैकी मार्कांनी पास झालेला होता.

पण एकदा अपघाताचा हिसका खाल्लेला बेल्ट पुन्हा वापरू नये, म्हणून विचारलं, "गाडी ठोकलेली नव्हती ना?"

"छे! डॉक्टरची गाडी होती."

मुंबईतले डॉक्टर पेशंट कधी तपासतात कोण जाणे, सदैव गाड्या भंगारात काढत असतात. मी हात जोडून निघालो.

1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलीन या इंजिनिअरने हा तीन टोकांचा पट्टा काढला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं करून टाकलं. जगाला फुकट वाटलेली ही वस्तू मला ठाण्यात पूर्ण ॲडव्हान्स भरून सर्व्हिस सेंटरमध्ये मागवावी लागली. आधी उजव्या बाजूची आली. मग डाव्या बाजूची, पण बेज रंगाची. यथावकाश काळीही आली.

बायको ऐटीत पुढे बसली आणि नेहमीच्या सवयीने तिने पट्ट्याला हिसका दिला. ठप्प.

"हळू ओढ. आत गोळी असते..."

"उंदरांनी खाल्लेलाच बरा होता. निदान तो समजावून सांगावा लागत नव्हता."