आजन्म निवडणूकबंदीचा फॉरवर्ड: एकेक मुद्दा तपासून

निवडणूक जवळ आली की नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही, पण तुरुंगातला नेता निवडणूक लढवतो. शिपायाच्या नोकरीला पोलीस पडताळणी लागते, खासदारकीला नाही. ४६ टक्के खासदार गुन्हेगार आहेत. शिक्षा झाली तरी सहा वर्षांत परत येतात. म्हणून एकदा शिक्षा झाली की आजन्म निवडणूकबंदी घाला, संसद स्वच्छ होईल.

पाठवणाऱ्यांची चीड खरी आहे. मलाही ती येते, म्हणूनच हे लिहितो आहे. ही मागणी मान्य झाली तरी ज्यांच्यावर आपला राग आहे त्यातले बहुतेक जण जागेवरच राहतील.

सुरुवात आकड्यापासून. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०२४ च्या लोकसभेतल्या ५४३ विजयी उमेदवारांची शपथपत्रं तपासली. २५१ जणांनी, म्हणजे ४६ टक्क्यांनी, आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं स्वतःच लिहून दिलं होतं. त्यातल्या १७० जणांवरचे खटले गंभीर स्वरूपाचे. आणि दोषी ठरल्याचं किती जणांनी लिहिलं? २७. बंदी शिक्षा झालेल्यांवर घालायची म्हणता, मग उरलेल्या सव्वादोनशे जणांचं काय? त्यांना तिचा स्पर्शही होत नाही.

शिवाय त्या २५१ मध्ये सगळे एका माळेचे मणी नाहीत. उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतो, त्याला नमुना २६ म्हणतात. त्यात गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, कलम आणि आरोप निश्चित झाले की नाही, हे सगळं लिहावं लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही उघडता येतं. एकाच्या शपथपत्रात जमावबंदी मोडल्याचं १८८ आणि रस्ता अडवल्याचं ३४१ अशी जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं दिसतात. तो माणूस बहुधा मोर्च्यात सामील झालेला असतो. दुसऱ्याच्या रकान्यात खुनाचं ३०२ किंवा बलात्काराचं ३७६ असतं. टक्केवारी या दोघांना एकाच पारड्यात टाकते. कलम वाचल्याशिवाय ‘गुन्हेगार’ म्हणणं हा पहिल्यावर अन्याय आहे आणि दुसऱ्याला त्याचा आडोसा मिळतो.

आता ‘सहा वर्षांत परत येतात’. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्रता लागते; भ्रष्टाचारासारख्या काही गुन्ह्यांत त्याहून कमी शिक्षाही पुरते. कैद झाली असेल तर सहा वर्षं मोजायची ती सुटकेनंतर. पाच वर्षांची कैद पूर्ण भोगली तर एकूण अकरा वर्षं. पूर्वी आमदार-खासदारांना तीन महिन्यांत अपील करून पद राखण्याची सवलत होती. १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस प्रकरणात ती रद्द केली आणि त्याच वर्षी लालूप्रसाद यादवांची खासदारकी गेली.

पण कायद्यात एक भगदाड आहे आणि त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नसतो. कलम ११ नुसार निवडणूक आयोग अपात्रतेचा काळ कमी करू शकतो किंवा पुसूनही टाकू शकतो. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात एक वर्षाची कैद झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये ते सुटले, मे २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले. सहा वर्षं मोजली असती तर त्यांना २०२४ पर्यंत उभं राहता आलं नसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाने तो काळ एक वर्ष एक महिन्यावर आणला आणि पुढच्या महिन्यात ते पोटनिवडणूक जिंकले. दुसरी वाट वरच्या न्यायालयातून जाते: दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली की अपात्रता उठते. सहाचे साठ केले तरी या दोन्ही वाटा उघड्याच राहतात.

शिपायाची तुलना फार वेळ घेण्यासारखी नाही. नोकरीतही प्रत्येक गुन्ह्याला सरसकट दार बंद नसतं. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तरुणपणी घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्याने तो सोडून द्यायला हरकत नाही.

तुरुंगातून मत आणि उमेदवारीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. कलम ६२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मतदान करता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांचा अपवाद. उभं राहता येतं, पण अपात्र ठरवणारी शिक्षा झालेली नसेल तरच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्यांची उमेदवारीही बाद ठरवली होती. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून ती परत दिली. मला तो बदल योग्य वाटतो. नाहीतर अर्ज भरायच्या आदल्या दिवशी विरोधकाला अटक करवली की काम झालं. जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरमधून निवडून आले. इथे खरा अन्याय आहे तो मत हिरावलं जाण्याचा. आपल्या तुरुंगांत चारांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत. न्यायालयाने त्यांना अजून दोषी ठरवलेलं नाही, तरी त्यांचं मत गेलेलं असतं.

राहिली आजन्म बंदी. उल्हासनगरचं उदाहरण घ्या. इंदर भतिजा यांचा खून झाला एप्रिल १९९० मध्ये. त्या खटल्यात पप्पू कलानी यांना कल्याणच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली डिसेंबर २०१३ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत ते पुन्हा पुन्हा आमदार झाले, १९९५ मध्ये तर तुरुंगातून. तेव्हा आजन्म बंदीचा कायदा असता तरी या काळात तो त्यांना लागूच झाला नसता, कारण निकालच नव्हता. आणि निकाल लागल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ज्योती कलानी तिथून आमदार झाल्या. सावनेरचे सुनील केदार डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा बँक घोटाळ्यात पाच वर्षांच्या शिक्षेने अपात्र ठरले. २०२४ मध्ये उमेदवारी त्यांच्या पत्नीकडे गेली. त्या हरल्या, पण हरवलं ते मतदारांनी.

आणि शिक्षा कुणाला होते, हेही पाहावं लागेल. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झालेले लोकमान्य टिळक मुंबई विधिमंडळावर निवडून गेलेले होते. आजच्या कलम ८ च्या यादीत बलात्कार आहे, तसाच दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या भाषणाचा गुन्हाही आहे. मानहानीच्या खटल्यात राहुल गांधींना मार्च २०२३ मध्ये कमाल, म्हणजे बरोबर दोन वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं की शिक्षा एक दिवस कमी असती तर अपात्रता आली नसती. एका दिवसाच्या फरकावर माणूस जन्मभरासाठी बाद व्हावा, अशी तरतूद कोणत्याही सरकारच्या हाती द्यायची माझी तयारी नाही, मग ते मी निवडून दिलेलं का असेना.

मागायचंच असेल तर लोकप्रतिनिधींवरचे खटले विशेष न्यायालयांत ठरलेल्या मुदतीत निकाली काढा म्हणून मागा. कलम ११ ची सवलत भ्रष्टाचाराच्या शिक्षेला लागू होणार नाही, असं कायद्यात लिहून घ्या. आणि फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक पक्षाला, खटले असलेला उमेदवारच का निवडला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार उमेदवार निवडल्यापासून ४८ तासांत जाहीर करावी लागतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालत नाही. आपल्या मतदारसंघात प्रचाराला येणाऱ्या पक्षाला ते कारण वाचून दाखवायला सांगा.